कोळशाच्या जमान्यात उन्हावर शेताला पाणी देणारा माणूस : फ्रँक शूमन

विशेष लेख

माळावरच्या वस्त्या, डोंगराकडेची वावरं, जिथं लाईटचा खांब अजून पोचला नाही, तिथंसुद्धा आता सौर पंपाच्या निळ्या प्लेटा दिसायला लागल्यात. पारावर विषय निघाला की बहुतेकांना वाटतं, ही दहा-पंधरा वर्षांतली नवी गोष्ट आहे आणि सरकारी योजनेतनं आली आहे. पण मंडळी, उन्हावर पंप चालवून शेताला पाणी द्यायचं काम शंभर वर्षांहून आधी झालेलं आहे. तेही प्रदर्शनात ठेवायचं खेळणं म्हणून नाही. मिनिटाला सुमारे २२ हजार लिटर पाणी उपसणारा तो पंप होता. दहा हजार लिटरचा टँकर अर्ध्या मिनिटात भरेल, एवढं पाणी. जागा होती इजिप्त देशातला नाईल नदीचा काठ, पीक होतं कापूस, साल होतं १९१३ आणि माणूस होता फ्रँक शूमन.

सौर ऊर्जेचा इतिहास जिथं जिथं सांगितला जातो तिथं शूमन यांचं नाव पहिल्या पाच-सात नावांत येतंच. आपल्याकडं मात्र ते फारसं कानावर पडत नाही. आज गावोगाव सौर पंपाचे अर्ज भरले जातायत, कोटेशनचे पैसे भरून लोक वाट बघतायत. अशा वेळी या माणसाचं आयुष्य एकदा नीट समजून घेतलं पाहिजे. कारण ज्या अडचणी त्यांना आल्या, त्यातल्या बऱ्याचशा आजही आपल्या बांधावर येऊन उभ्या राहतात.

शाळा थोडी, हात चालता

फ्रँक शूमन यांचा जन्म २३ जानेवारी १८६२ रोजी अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिन इथं झाला. शाळेत ते फार वर्षं गेले नाहीत. मोठ्या कॉलेजची पदवी नाही. जे काही शिकले ते काम करता करता. तरुणपणी रंग बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी रसायनांचं काम केलं. पुढं फिलाडेल्फिया शहराच्या टॅकोनी भागात त्यांच्या चुलत्यांचा लोखंडकामाचा कारखाना होता, तिथं ते आले. त्यानंतर जन्मभर टॅकोनी हेच त्यांचं गाव राहिलं.

नाव झालं ते काचेमुळं. त्या काळात कारखान्यांच्या छपराला उजेडासाठी काचा बसवायचे. काच फुटली की तुकडे खाली काम करणाऱ्यांच्या अंगावर पडायचे. आग लागली की काच तडकून खाली यायची आणि आग अजून भडकायची. शूमन यांनी काच गरम असतानाच तिच्यात तारेची जाळी बसवायची पद्धत काढली. अशी काच फुटली तरी जाळीला धरून राहते. १८९२ साली त्यांना या पद्धतीचं पेटंट मिळालं. आजही जुन्या दवाखान्यांच्या, शाळांच्या दारांना आत जाळी असलेली काच दिसते. ती कल्पना या माणसाची.

या काचेनं त्यांना पैसा दिला आणि मोकळा वेळ दिला. टॅकोनीत त्यांनी घर, प्रयोगाची जागा आणि कामाची शेड एकाच आवारात उभी केली. आता पोटापाण्याची चिंता नव्हती. हा माणूस आरामात बसून उरलेलं आयुष्य काढू शकला असता. पण काचेच्या पेटीत ऊन कसं अडकतं आणि आतली हवा कशी तापत जाते, याकडं त्यांचं लक्ष गेलं होतं. तिथनं पुढं त्यांच्या डोक्यात एकच विषय राहिला : या उन्हावर इंजिन चालेल का?

त्यांच्या आधीही लोक झगडले होते

उन्हावर इंजिन चालवायचा विचार करणारे शूमन काही पहिले नव्हते, हे सांगायलाच हवं. फ्रान्समध्ये ऑग्युस्तँ मूशो नावाच्या गणिताच्या मास्तरांनी आरशांनी ऊन गोळा करून वाफेचं इंजिन चालवलं होतं. १८७८ च्या पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांनी ते लोकांना दाखवलं.

त्याच सुमाराला आपल्या मुंबईतही असाच प्रयोग झाला होता, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असेल. मुंबई हायकोर्टात डेप्युटी रजिस्ट्रार असलेले विल्यम ॲडम्स नावाचे इंग्रज गृहस्थ होते. त्यांनी कुलाब्यात सपाट आरसे अर्धगोलात मांडून सगळं ऊन एका बॉयलरवर पाडलं आणि अडीच हॉर्सपॉवरचं इंजिन चालवलं. त्या इंजिनावर पाण्याचा पंपही चालवून दाखवला. गरम मुलखात इंधनाऐवजी ऊन कसं वापरता येईल, यावर त्यांनी लिहिलेलं पुस्तक १८७८ मध्ये मुंबईतच छापलं गेलं. म्हणजे उन्हावर पंप चालवायची गोष्ट महाराष्ट्राच्या मातीत जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी घडून गेली आहे.

अमेरिकेतही ऑब्री इनियस नावाच्या माणसानं छत्री उलटी धरावी तसा ३३ फूट रुंदीचा प्रचंड आरसा उभा केला. १९०१ साली कॅलिफोर्नियातल्या एका शहामृगाच्या फार्मवर त्यानं या आरशावर पाण्याचा पंप चालवला. लोक लांबून बघायला यायचे. पुढं ॲरिझोनात त्याची यंत्रं गेली, पण एक वाऱ्यानं आडवं झालं आणि एक गारपिटीनं फोडलं.

शूमन यांच्यापुढं ही सगळी उदाहरणं होती. आधीच्या लोकांचं ऊन कमी पडलं नव्हतं. त्यांची यंत्रं महाग होती, उंच होती आणि वाऱ्या-गारांत टिकणारी नव्हती. म्हणून यंत्र स्वस्त पाहिजे, जमिनीलगत पाहिजे आणि साध्या कारागिराला दुरुस्त करता येईल असं पाहिजे, असं शूमन यांनी ठरवलं. थोडी ताकद कमी मिळाली तरी चालेल, पण हिशोब बसला पाहिजे, अशी त्यांची नजर होती. शोध लावणाऱ्यांत अशी नजर कमी लोकांकडं असते.

टॅकोनीच्या आवारातलं इंजिन

१९०७ साली त्यांनी आपल्या आवारात पहिलं मोठं यंत्र मांडलं. लाकडाच्या उथळ पेट्या, वरून काच, आत काळ्या रंगाच्या नळ्या. त्या नळ्यांत पाणी न भरता त्यांनी ईथर भरलं. पाण्याला उकळायला १०० अंश लागतात, ईथर मात्र ३५ अंशांच्या आसपासच उकळतं. त्यामुळं आरशांची भानगड न करता नुसत्या काचेच्या पेटीतल्या उष्णतेवर त्याची वाफ व्हायची आणि त्या वाफेवर साडेतीन हॉर्सपॉवरचं इंजिन पळायचं. शूमन यांनी लोकांना बोलावून ते चालू करून दाखवलं.

बघायला आलेल्यांना मौज वाटली, पण शेतीसाठी हे पुरेसं नव्हतं. मग त्यांनी ईथर सोडलं आणि साध्या पाण्यावर आले. काचेच्या पेटीच्या दोन्ही बाजूंना साधे आरसे लावले, म्हणजे पेटीवर जास्त ऊन पडावं. कमी दाबाच्या वाफेवर चालणारं इंजिन त्यांनी स्वतः तयार केलं. १९११ मध्ये टॅकोनीत दहा हजार चौरस फुटांहून जास्त जागेवर, म्हणजे आपल्या हिशोबानं नऊ-साडेनऊ गुंठ्यांवर, हे यंत्र उभं राहिलं. त्यानं मिनिटाला सुमारे ११ हजार लिटर पाणी ३३ फूट उंच उचललं.

आता हे लक्षात घ्या, फिलाडेल्फिया म्हणजे थंड मुलूख. हिवाळ्यात बर्फ पडतो, ढग असतात. तिथं हे जमलं, तर जिथं वर्षभर कडक ऊन आहे तिथं किती जमेल? शूमन यांना आता अशा मुलखात जायचं होतं.

इजिप्तच का निवडलं?

पैसा लागणार होता. काचेतनं मिळालेला पैसा एवढ्या मोठ्या कामाला पुरणारा नव्हता. म्हणून शूमन इंग्लंडला गेले. तिथल्या भांडवलवाल्यांनी पैसे घालायचं कबूल केलं आणि कंपनी उभी राहिली. जागा ठरली इजिप्त. तेव्हा तिथला कारभार इंग्रजांच्या हातात होता.

इजिप्त निवडायला कारण साधं होतं. तिथं ऊन भरपूर, नाईलचं पाणी भरपूर आणि कापसाची शेती मोठी. पण पाणी वर उचलायला लागणारा कोळसा तिथं निघत नव्हता. तो बोटीनं बाहेरून आणायला लागायचा आणि फार महाग पडायचा. जिथं कोळसा स्वस्त, तिथं शूमन यांचं यंत्र कुणी विकत घेतलं नसतं. जिथं कोळसा महाग आणि ऊन फुकट, तिथंच त्यांचा हिशोब बसत होता. यंत्राचा सुरुवातीचा खर्च कोळशाच्या यंत्रापेक्षा जास्त होता, पण रोजचा इंधनाचा खर्च वाचून काही वर्षांत तो फिटेल, असं गणित त्यांनी मांडलं होतं.

आज आपण डिझेल इंजिन आणि सौर पंप यांची तुलना करतो ती अगदी याच पद्धतीनं. पहिला खर्च जास्त, रोजचा खर्च जवळजवळ नाही. हे गणित पहिल्यांदा शेतीच्या पातळीवर नीट मांडणारा माणूस म्हणून शूमन यांच्याकडं बघायला हवं.

पंप बसवायची जागा होती मआदी. कैरो शहराच्या दक्षिणेला, नाईलच्या काठावर. पैसे घालणाऱ्यांनी सल्लागार म्हणून सी. व्ही. बॉईज या नावाजलेल्या इंग्रज शास्त्रज्ञांना नेमलं. त्यांनी सुचवलं की सपाट पेट्यांपेक्षा पन्हळीसारखे लांब, गोलसर आरसे करा आणि त्या पन्हळीच्या मधोमध बॉयलरची नळी धरा, म्हणजे दोन्ही बाजूंचं ऊन त्या नळीवर एकवटेल. एवढी वर्षं राबून स्वतः बनवलेलं डिझाईन दुसऱ्यानं बदलायला सांगितलं तर भल्याभल्यांना राग येतो. शूमन यांनी मात्र तो बदल घेतला.

पहिल्या वर्षी बॉयलर वितळला

१९१२ च्या उन्हाळ्यात यंत्र जवळपास तयार झालं. मोठमोठ्या लोकांना बोलवायची तयारी होती. आणि नेमकी तेव्हा फजिती झाली. बॉयलरच्या नळ्या जस्ताच्या होत्या. टॅकोनीच्या उन्हात त्या टिकल्या असत्या. पण इजिप्तचं ऊन आणि पन्हळीच्या आरशांनी एकवटलेली उष्णता जस्ताला सोसली नाही. नळ्या मऊ पडल्या, वाकल्या आणि वितळायला लागल्या.

एका बाजूनं बघितलं तर हे यश होतं, कारण ठरवल्यापेक्षा जास्त उष्णता मिळत होती. पण पैसे घालणाऱ्यांना ते पटवून देणं सोपं नव्हतं. एक अख्खा हंगाम गेला. जस्ताच्या जागी ओतीव लोखंडाचे बॉयलर करून घ्यायला लागले आणि सगळं पुढच्या उन्हाळ्यावर गेलं.

आपल्याकडं एक वर्ष पाण्यावाचून गेलं तर काय होतं, ते सांगायला नको. शूमन यांचंही ते वर्ष तसंच गेलं असणार. पण ते मागं हटले नाहीत.

१९१३ चा उन्हाळा

जुलै १९१३ मध्ये मआदीचा पंप लोकांसमोर चालू झाला. पाच लांबलचक पन्हळी एकमेकींच्या शेजारी मांडल्या होत्या. प्रत्येक पन्हळ सुमारे २०५ फूट लांब आणि १३ फूट रुंद. पाचही मिळून आरशांचं क्षेत्र सुमारे १२ गुंठे. दोन पन्हळींच्या मध्ये पुरेशी मोकळी जागा ठेवली होती, एकीची सावली दुसरीवर पडू नये म्हणून. पन्हळी उत्तर-दक्षिण मांडलेल्या होत्या. सकाळी त्यांचं तोंड पूर्वेकडं असायचं आणि सूर्य सरकेल तशा त्या आपोआप पश्चिमेकडं वळायच्या.

त्यातनं पन्नासच्या वर हॉर्सपॉवर मिळाली. नाईलचं पाणी मिनिटाला २२ हजार लिटर या वेगानं शेजारच्या कापसाच्या रानात गेलं. धूर नाही, कोळसा नाही, भट्टीत फावडं मारणारा माणूस नाही. रात्रीसाठी गरम पाणी साठवून ठेवायची बंदिस्त टाकीही त्यांनी मांडणीत घेतली होती, म्हणजे ऊन गेल्यावरही काम चालावं.

हे बघायला लॉर्ड किचनर आले होते. तेव्हा इजिप्तमध्ये इंग्रजांचे ते सर्वांत मोठे अधिकारी. हेच किचनर त्याआधी हिंदुस्थानातल्या इंग्रज फौजेचे सरसेनापती होते. यंत्र बघून ते इतके खूश झाले, की सुदानमधली ३० हजार एकर कापसाची जमीन अशा पंपासाठी देऊ केली. जर्मनीच्या सरकारनंही आपल्या ताब्यातल्या आफ्रिकेतल्या मुलखासाठी पैसे मंजूर केले.

वयाच्या ५१ व्या वर्षी शूमन यांना सगळं मिळालं होतं. त्यांच्या डोक्यात पुढचा हिशोबही तयार होता. सहारा वाळवंटातल्या सुमारे २० हजार चौरस मैल जागेवर असे आरसे मांडले, तर त्या काळी अख्खं जग वर्षाला जेवढं इंधन जाळत होतं तेवढी ताकद मिळेल, असं त्यांनी मांडलं होतं. कोळसा आणि तेल कधीतरी संपणार आणि माणसाला उन्हाकडंच यावं लागणार, यावर त्यांचा पक्का विश्वास होता.

लढाई लागली आणि सगळं मोडलं

वर्ष पुरतं उलटतंय तोवर १९१४ च्या उन्हाळ्यात पहिलं महायुद्ध पेटलं. मआदीवर काम करणारे इंजिनिअर आपापल्या देशात, लढाईच्या कामाला गेले. शूमन अमेरिकेला परतले. पंप बंद पडला आणि त्याचं लोखंड मोडीत गेलं. किचनर लढाईत अडकले आणि १९१६ मध्ये त्यांची बोट बुडून वारले. सुदानची जमीन राहिली जागेवरच. जर्मनीनं तर लढाईत आफ्रिकेतला मुलूखच गमावला.

त्यात अजून एक गोष्ट झाली. इंग्रज सरकारनं १९१४ मध्येच इराणमध्ये तेल काढणाऱ्या कंपनीत मोठा हिस्सा घेतला. जहाजं, मोटारी, इंजिनं सगळं तेलावर यायला लागलं. तेल स्वस्त मिळायला लागल्यावर उन्हाच्या यंत्राला कोण विचारतो? ज्या गणितावर शूमन यांचा पंप उभा होता, की इंधन महाग आहे म्हणून ऊन परवडतं, तेच गणित उलटं झालं.

युद्ध संपायच्या आधीच, २८ एप्रिल १९१८ रोजी, टॅकोनीत शूमन वारले. वय ५६. त्यांच्या पश्चात हे काम त्या जोरानं पुढं नेणारा कुणी उरला नाही. पुढची पन्नास-साठ वर्षं जग तेलावर चाललं आणि मआदीचा पंप विस्मरणात गेला.

म्हणजे बघा, या माणसाला उन्हानं कधी दगा दिला नाही. यंत्र चाललं, पाणी आलं, कापूस भिजला. ते मोडलं ते लढाईमुळं, स्वस्त तेलामुळं आणि मागं सांभाळणारं कुणी नसल्यामुळं.

पन्हळीचं पुढं काय झालं?

१९७३ नंतर जगात तेलाचे भाव भडकले, तेव्हा लोकांना परत उन्हाची आठवण झाली. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात वीज तयार करायला मोठमोठे प्रकल्प उभे राहिले. त्यात आरसे कसले वापरले? मआदीसारखेच, पन्हळीच्या आकाराचे, मधोमध नळी असलेले. इजिप्तनंही आता अस्वानजवळ बेनबान इथं प्रचंड मोठा सौर प्रकल्प उभा केला आहे. मआदी आज कैरो शहराचंच उपनगर झालं आहे.

आपल्या वावरातल्या प्लेटा मात्र वेगळ्या पद्धतीनं चालतात, हे नीट समजून घ्या. शूमन उन्हाच्या उष्णतेतनं वाफ करायचे आणि वाफेवर इंजिन चालवायचे. आपली प्लेट उजेडापासून थेट वीज करते. उपयोगात येईल अशी प्लेट पहिल्यांदा १९५४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तयार झाली. शूमन यांना एका हॉर्सपॉवरला सुमारे २४०-२५० चौरस फूट आरसा लागायचा. आज योजनेतल्या साडेसात एचपी पंपाला ६७५० वॅटच्या प्लेटा बसतात, म्हणजे एका हॉर्सपॉवरला साधारण ५० चौरस फूट. बॉयलर नाही, वाफ नाही, वितळायला जस्ताची नळी नाही.

पण प्लेट बदलली म्हणून सगळ्या अडचणी गेल्या असं नाही. शूमन यांच्या कामातल्या चार गोष्टी आजही जशाच्या तशा लागू पडतात.

पहिली गोष्ट, पाणी किती उंच उचलायचं. नाईलच्या काठावर पाणी जवळ होतं, म्हणून पन्नासेक हॉर्सपॉवरमध्ये एवढं पाणी निघालं. तेवढ्याच ताकदीला दुप्पट खोलीवरनं पाणी काढायला लावलं तर पाणी निम्म्यावर येतं. यात सुटका नाही. आपल्या मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाच एकरापर्यंत पाच एचपी आणि त्याच्या वर साडेसात एचपी असा हिशोब आहे. पण पाणी किती खोल आहे, हे सातबारा सांगत नाही. मे महिन्यात विहिरीचं किंवा बोअरचं पाणी किती फुटांवर जातं आणि तिथनं वावराच्या उंच टोकापर्यंत अजून किती चढ आहे, हे दोरी टाकून मोजा आणि सर्व्हेला माणूस येईल तेव्हा त्याला लिहून द्या. पावसाळ्यातली पातळी सांगून पंप बसवला, तर उन्हाळ्यात तो नुसती हवा ओढत बसेल.

दुसरी, वारा आणि गारा. ॲरिझोनात जे झालं ते आपल्याकडं दर वळवाच्या पावसात होऊ शकतं. प्लेटांचा सांगाडा किती खोल खड्ड्यात आहे, काँक्रीट पूर्ण भरलंय का, नटबोल्ट सगळे आवळलेत का, हे बसवणारी माणसं जागेवर असतानाच बघा. अर्थिंग आणि वीजरोधक लावलंय याचीही खात्री करा.

तिसरी, सावली आणि साठा. शूमन यांनी दोन पन्हळींमध्ये जागा सोडली ती उगाच नाही. आपल्या प्लेटांपैकी एकीवर जरी आंब्याची किंवा बाभळीची सावली पडली तरी सगळ्या ओळीचा जोर कमी होतो. तोंड दक्षिणेला हवं आणि दिवसभर मोकळं ऊन हवं. धूळ बसली तर सकाळी गार असतानाच साध्या पाण्यानं पुसून घ्या, भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. आणि रात्रीसाठी शूमन यांनी गरम पाणी साठवलं, तसं आपण बॅटरीच्या मागं न लागता सरळ पाणीच साठवावं. दिवसा टाकी किंवा शेततळं भरून ठेवलं, की ढगाळ दिवस आला तरी जनावरांना आणि ठिबकला पाणी राहतं.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. मागं सांभाळणारं कोण? मआदीचे इंजिनिअर गेले आणि पंप थांबला. आपल्या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरायची असते, बाकीचं अनुदान. त्यात पाच वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमाही आहे. पण ही हमी कागदावर असते. पंप बसवला त्या दिवशीच कंपनीच्या माणसाचा नंबर, पंपाचा आणि कंट्रोलरचा क्रमांक, प्लेटांचे फोटो आणि हमीचे कागद मोबाईलमध्ये जपून ठेवा. तक्रार तोंडी करू नका, नोंदवून तिचा नंबर घ्या. पाच वर्षांनंतरचा खर्च आपल्यालाच करायचा आहे, हे धरून दर हंगामाला थोडे पैसे बाजूला टाका. डिझेलचे आणि लाईट बिलाचे वाचलेले पैसे तसेही हातात राहणारच आहेत.

आणि एक, जो पंप पूर्वी रात्री दोनला लाईट आल्यावर चालायचा, तो आता दिवसा चालणार. अंधारात दारं धरायला जाणं, विंचू-सापाची आणि बिबट्याची भीती, हे सगळं त्यामुळं कमी होतं. पण दिवसाचं फुकट पाणी मिळतंय म्हणून बोअर सकाळपासून संध्याकाळपर्यंत सोडून ठेवला, तर जमिनीतलं पाणी खाली जाणारच. ऊन संपणार नाही, पण बोअरचं पाणी संपतं. नाईल बारा महिने वाहते, म्हणून शूमन यांना हा विचार करायला लागला नाही. आपल्याला मात्र तो रोज करायला लागणार आहे.